रूढीचे वकीलपत्र

एखादे मूल ज्या भूमीवर जन्मले त्याच भूमीची त्याची आई जन्मसिद्ध नागरिक असावी, तिचे आईबाप आणि आजे-पणजे त्याच मातीत वाढलेले असावेत, आणि तरीही तिचा विवाह परदेशी पुरुषाशी झाला आहे एवढ्या एका कारणास्तव त्या मुलाला स्वतःच्या घरात राहण्यासाठी सरकारी परवान्याची वाट पाहावी लागावी, ही गोष्ट एखाद्या प्रहसनकाराच्या कल्पनेतली वाटेल. परंतु दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर सीमेला लागून असलेल्या बोत्स्वाना देशात 1995 पर्यंत जवळजवळ एक तप हाच राज्याचा कायदा होता. मोचुडी गावात 1959 साली जन्मलेल्या युनिटी डाऊ या वकीलबाईंचा विवाह 1984 साली एका अमेरिकन गृहस्थाशी झाला. विवाहापूर्वी, 1979 साली, त्यांना एक मुलगी झाली होती. विवाहानंतर आणखी दोन अपत्ये झाली. एकाच आईबापांची, एकाच गावात वाढणारी ही तीन भावंडे; पण वडील मुलगी बोत्स्वानाची नागरिक ठरली, आणि धाकटी दोघे बापाच्या नात्याने परकी ठरली. विवाहबाह्य संतती देशाची आणि विधिपूर्वक केलेल्या विवाहाची संतती परक्याची, असा न्याय ज्या कायद्यातून निघतो, तो कायदा कुलधर्माचे आणि कुटुंबनीतीचे रक्षण करण्यासाठी केला आहे असे सांगितले जावे, यातला विनोद सरकारी वकिलांच्या ध्यानात आला होता की नाही, कोण जाणे.

या कायद्याचे वय येथे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. 1966 च्या सप्टेंबर अखेरीस बोत्स्वाना स्वतंत्र झाला तेव्हाच्या राज्यघटनेतील तरतुदीप्रमाणे त्या भूमीवर जन्मणारे मूल सामान्यतः जन्माच्या नात्यानेच नागरिक होत असे. बापाचे नागरिकत्व पाहण्याची अट 1982 साली संमत झालेल्या नव्या कायद्याने घातली. म्हणजे ज्या नियमाला पुढे न्यायालयात अनादि काळापासून चालत आलेल्या त्स्वाना वहिवाटीचे वस्त्र पांघरण्यात आले, तो नियम डाऊबाईंच्या थोरल्या मुलीपेक्षाही वयाने लहान होता.

डाऊबाईंनी फिर्याद केली. सरकारची कैफियत मुख्यतः तीन मुद्द्यांवर उभी होती. पहिला असा की, बाईंना तक्रार करण्याचा अधिकारच नाही. कायद्याने काही हिरावले असेल तर ते मुलांचे, बाईंचे नव्हे. बाईंना देशात यावे-जावे, राहावे, त्यांना कोणी अडविले आहे? आई मोकळी आहे, फक्त तिचे मूल सीमेवर अडते, आणि म्हणून आईचे संचारस्वातंत्र्य अबाधित आहे, हा युक्तिवाद करणाऱ्याने आई नावाची वस्तू कधी पाहिली असेल काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. त्स्वाना भाषेत एक म्हण आहे, तिचा भावार्थ असा की लेकराची आई सुरीला पात्याच्या बाजूने धरते. ज्या समाजाने आईचे हे लक्षण आपल्या म्हणीत कोरून ठेवले, त्याच समाजाच्या नावाने हा युक्तिवाद चालला होता. लोबात्से येथील उच्च न्यायालयात न्यायमूर्ती हॉरविट्झ यांनी 1991 च्या जूनमध्ये तो फेटाळला आणि बाईंच्या बाजूने फैसला दिला. सरकारने अपील केले.

दुसरा मुद्दा मात्र असा उडवून लावण्याजोगा नव्हता. बोत्स्वानाच्या घटनेचे तिसरे कलम व्यक्तीचे मूलभूत हक्क सांगताना वंश, जन्मस्थान, राजकीय मत, वर्ण, पंथ आणि लिंग यांपैकी कशाचाही विचार न करता ते हक्क प्रत्येकास आहेत असे म्हणते. पण पंधराव्या कलमात जेथे भेदभावाची व्याख्या केली आहे, तेथील यादीत त्या वेळी बाकीच्या गोष्टी होत्या आणि लिंग हा शब्द मात्र नव्हता. सरकार म्हणाले, हा हस्तदोष नव्हे. त्स्वाना समाज पितृप्रधान आहे हे जाणूनच घटनाकारांनी तो शब्द गाळला. अपील न्यायालयातील पाचांपैकी दोन न्यायमूर्तींना हे पटले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, शब्द नसेल तर नाही. तो घालण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींचा, न्यायाधीशाचा नव्हे. प्रस्तुत लेखकाला या मताविषयी आदर आहे. न्यायाधीशाने स्वतःच्या सदिच्छा घटनेच्या मुखी घालू लागावे, हे स्त्रियांच्या बाबतीत हितकर ठरले तरी उद्या दुसऱ्या कोणाच्या बाबतीत घातक ठरू शकते, हे विसरून चालणार नाही. परंतु त्या मताचीही एक अडचण आहे. ज्या दस्तऐवजाने तिसऱ्या कलमात स्त्रीला स्पष्ट शब्दांत हक्क दिला, त्याच दस्तऐवजाने बारा कलमांनंतर केवळ मौन धरून तो परत घेतला असे मानावयाचे, तर दिलेले दान बोलून आणि घेतलेले दान न बोलता, असा काहीसा चमत्कारिक व्यवहार घटनाकारांच्या माथी मारावा लागतो. न्यायमूर्ती ऑस्टिन अमिसा यांनी बहुमताच्या वतीने नेमके हेच बोट ठेवले: घटनाकारांना स्त्रियांविरुद्ध भेदभावाची मुभा ठेवावयाची असती, तर एवढी मोठी गोष्ट त्यांनी शब्दांत सांगितली असती, पंधराव्या कलमातली यादी ही उदाहरणादाखल आहे, सर्वसमावेशक नाही. 1992 च्या जुलैमध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी डाऊबाई जिंकल्या.

या पंचांविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण तिचा उपयोग पुढे आक्षेप म्हणून होण्यासारखा होता. अमिसा हे घानाचे, अगुडा हे नायजेरियाचे, आणि बहुमतातले तिसरे जॉर्ज बिझोस हे ग्रीसमध्ये जन्मलेले, दक्षिण आफ्रिकेत वकिली केलेले, नेल्सन मंडेलांच्या बचावासाठी उभे राहिलेले विख्यात विधिज्ञ. तेव्हा त्स्वाना लोकांच्या चालीरीतींचा निवाडा परक्यांनी करावा काय, असे कोणी विचारले तर उत्तर इतकेच की, विरोधी मत देणारे दोघेही दक्षिण आफ्रिकेतूनच आलेले होते. त्या दालनातला प्रत्येक जण बाहेरून येऊन रूढीविषयी बोलत होता. आणि आतली एकमेव व्यक्ती, जिच्या अंगाखांद्यावर ती रूढी वाढली होती, ती वादी म्हणून समोर उभी होती.

येथेच आमच्या प्रतिपादनाची मेख आहे. सरकारचा तिसरा, आणि मनाला सर्वांत भिडणारा, मुद्दा रूढीचा होता. पण रूढी स्वतः न्यायालयात येत नाही. तिच्या वतीने कोणीतरी वकीलपत्र घेऊन उभा राहतो. समतेच्या प्रश्नात म्हणूनच रूढी काय सांगते, हा दुसऱ्या पायरीवरचा प्रश्न होय. तिचे वकीलपत्र कोणाच्या हाती आहे, ते कोणी लिहून दिले आणि कोणाला विचारून दिले, हा पहिला. नागरिकत्व आणि पारपत्र या वस्तू त्स्वाना पूर्वजांना ठाऊकच नव्हत्या. सीमेवरच्या चौकीविषयी त्यांची कोणती वहिवाट असणार? जी गोष्ट रूढीच्या स्वप्नातही नव्हती तिच्यावर रूढीचा शिक्का मारण्याचे काम नव्या राज्याच्या मसुदाकारांनी केले.

आणि त्या राज्याचा संस्थापक कोण? सेरेत्से खामा. बामान्ग्वातो लोकांच्या गादीच्या या वारसाने 1948 साली लंडनमध्ये रूथ विल्यम्स या इंग्रज युवतीशी विवाह केला, तेव्हा चुलते त्शेकेडी खवळले, शेजारचे वर्णद्वेष्टे सरकार खवळले, आणि ब्रिटिश सरकारने त्यांच्या दडपणाखाली सेरेत्सेंना मायदेशातून हद्दपार केले. परंतु सेरोवे येथील जमातीच्या सभेने, मोठ्या वादंगानंतर का होईना, 1949 साली त्यांना त्यांच्या पत्नीसह स्वीकारले. 1956 साली गादीवरचा हक्क सोडून ते परतले आणि 1966 साली राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांचे चिरंजीव इयन 1953 साली इंग्लंडात, इंग्रज आईच्या पोटी जन्मले. ते 2008 साली देशाचे चौथे राष्ट्राध्यक्ष झाले. परदेशी जोडीदार निवडल्याबद्दल ज्याने देशत्याग भोगला, त्याच पुरुषाच्या स्मृतीवर उभ्या असलेल्या राज्याने, परदेशी जोडीदार निवडणाऱ्या स्त्रीच्या मुलांना परके ठरविले. परभूमीवर परक्या आईच्या पोटी जन्मलेला देशाचा, आणि स्वभूमीवर स्वदेशी आईच्या पोटी जन्मलेले परदेशाचे! सेरेत्से पुरुष होते, एवढाच काय तो फरक. सेरेत्सेंचे निधन 1980 साली झाले, तेव्हा 1982 च्या कायद्याचा दोष त्यांच्या पदरी घालता येत नाही. पण त्यांच्या मागून आलेल्यांना ही विसंगती टोचली नाही, याचे आश्चर्य वाटते.

रूढीच्या वकीलपत्राचा इतिहास आणखी मागे जातो. आयझॅक शापेरा नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने 1929 पासून बेचुआनालँडमध्ये, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीच्या बोत्स्वानात, विशेषतः मोचुडीच्या काटला लोकांत, राहून अभ्यास केला, आणि तेथील ब्रिटिश प्रशासनाच्या इच्छेवरून 1938 साली त्स्वाना विधी आणि रूढी यांचा संग्रह प्रसिद्ध केला. ग्रंथ विद्वत्तापूर्ण आहे. लेखक प्रामाणिक होता. पण जी वस्तू आजवर खोत्ल्यात, म्हणजे गावाच्या सभास्थानी, चर्चेने घडत आणि बदलत आली होती, ती पुस्तकात येताच थिजली, आणि पुढच्या पिढ्यांचे न्यायाधीश आणि वकील रूढी म्हणजे काय हे पाहण्यासाठी ते पुस्तक उघडू लागले. शिवाय खोत्ल्यात परंपरेने स्त्रीला बोलण्याचा अधिकार नव्हता. तेव्हा त्या सभेच्या स्मृतीतून जे उतरले त्यात एका अर्ध्या समाजाची साक्ष नोंदली गेली आणि दुसऱ्या अर्ध्याची राहिली. मराठी वाचकाला हा प्रकार अपरिचित वाटू नये. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टन यांच्या आमदानीत आर्थर स्टील या कंपनी सरकारच्या नोकराने दख्खनेतील जातिजातींचे आचार आणि कायदे विचारून लिहून घेतले व 1827 साली तो संग्रह छापला गेला. त्या वेळी पुण्याच्या कोणत्या बायकांना बोलावून त्यांच्या चाली विचारल्या असतील, याची कल्पना ज्याची त्याने करावी. मोचुडीच्या बाबतीत काळाने एक गमतीदार सूड उगविला इतकेच: ज्या गावी बसून शापेरांनी रूढी लिहिली, त्याच गावच्या मुलीने रूढीच्या नावाने केलेला कायदा पाडला.

रूढी बदलली म्हणजे समाज बुडतो, असे म्हणणाऱ्यांना सेरेत्सेंचे आजोबा तिसरे खामा यांचे चरित्र वाचावयास द्यावे. ख्रिस्ती झालेल्या या राजाने वधूपित्याला गुरे देण्याची बोगादी नावाची पुरातन चाल आपल्या राज्यात स्वतःच्या हुकुमाने बंद केली. त्याच्या जमातीचे लोक त्याला आजही महापुरुष मानतात. म्हणजे गादीवरच्या पुरुषाने रूढी एका आज्ञेने मोडली तर ती सुधारणा, आणि न्यायालयात उभ्या राहिलेल्या स्त्रीने घटनेचे कलम दाखविले तर तो परंपरेवरचा आघात! रूढीचे अविनाशित्व, असे दिसते की, अर्जदार पाहून ठरते.

निकालानंतर सरकार झटपट नमले असे मात्र नाही. लोकमत घेऊन घटनाच बदलावी काय, असा विचार काही काळ चालला. दुरुस्तीचा कायदा यावयास 1995 साल उजाडले. त्यानंतर आई किंवा बाप, कोणीही एक नागरिक असला तरी मूल नागरिक झाले. या तीन वर्षांच्या दिरंगाईला नाक मुरडण्यापूर्वी भारतीय वाचकाने आपला 1955 चा नागरिकत्वाचा कायदा आठवावा. परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशपरंपरेने भारतीय नागरिकत्व मिळावयाचे तर त्याचा बाप भारतीय असावा, अशी त्यात अट होती. भारतीय आई पुरत नसे. ती अट आपल्या संसदेने 1992 च्या अखेरीस काढून टाकली, म्हणजे डाऊबाईंच्या निकालाच्याच वर्षी. सदतीस वर्षे ती कायद्यात होती आणि आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होती?

यापुढची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि आमच्या मते डाऊ खटल्याइतकीच बोधप्रद आहे. विवाहित स्त्रीची मिळकत, करारमदार, कर्ज, कज्जा या सर्वांवर पतीची मुखत्यारी चालविणारा वैवाहिक सत्तेचा नियम बोत्स्वानात होता. तो त्स्वाना लोकांचा नव्हेच. तो रोमन-डच विधीचा, केप वसाहतीच्या वाटेने आलेला. खुद्द हॉलंडने विवाहितेची ही कायदेशीर असमर्थता 1956 च्या कायद्याने रद्द केली. बोत्स्वानाने तो वारसा 2004 पर्यंत जपला. बरे, 2004 च्या त्या निर्मूलनाच्या कायद्याने तरी तो समूळ उपटला काय? दिवाणी पद्धतीने नोंदलेल्या विवाहांपुरताच उपटला. रूढीनुसार आणि धर्मानुसार झालेले विवाह त्यातून वगळले. जी स्त्री शहरात निबंधकासमोर सही करून लग्न करते ती मोकळी, आणि जिचे लग्न गावात वडीलधाऱ्यांच्या साक्षीने बोगादी देऊन होते ती कायद्याच्या कक्षेबाहेर. गरज कोणाला अधिक होती हे सांगावयास नको. सुधारणेच्या कायद्यात असे अपवादाचे कलम घालताना रूढीचा मान राखला असे म्हणण्याची पद्धत आहे. वास्तविक तो मान नसून रूढी ही मेलेली आणि न बदलणारी वस्तू आहे, हे गृहीत धरण्याचा तो प्रकार आहे.

वस्तुतः ती मेलेली नाही. त्स्वाना भाषेत आणखी एक म्हण आहे की मादीने कळपाचे नेतृत्व केले तर गुरे दरीत पडतात. बालेते जमातीच्या गादीचा प्रश्न निघाला तेव्हा ही म्हण पुष्कळांच्या ओठांवर आली असेल. दिवंगत राजाची थोरली कन्या वारसा मागत होती. तिने घटनेचा आधार घेतला खरा, पण हक्क मागितला तो रूढीतल्याच पदासाठी, रूढीच्याच भाषेत. आणि 2003 साली रामोत्स्वा गावच्या खोत्ल्यात ती खोसी, म्हणजे सर्वोच्च प्रमुख, म्हणून विधिपूर्वक स्थानापन्न झाली. तिचे नाव मोसादी सेबोको. मोसादी या शब्दाचा अर्थ स्त्री. गुरे दरीत पडल्याचे ऐकिवात नाही. उलट बालेत्यांच्या जमिनीच्या वादात पुढे तिने सरकारशीच न्यायालयात झुंज दिली.

आता शेवटचे प्रकरण. न्ग्वाकेत्से जमातीत वडिलांचे राहते घर सर्वांत धाकट्या मुलाकडे जाते, अशी वहिवाट सांगितली जाते. कान्ये येथील एडिथ म्मुसी आणि त्यांच्या बहिणी आपल्या आईबापांच्या घरात वर्षानुवर्षे राहत आल्या होत्या. त्यांच्या सावत्र भावाच्या मुलाने 2007 साली या घरावर दावा सांगितला. त्याचे म्हणणे असे की धाकट्या भावाचा हक्क कुटुंबातील अदलाबदलीने त्याच्या बापाकडे आला होता आणि बापामागे तो त्याचा. रूढीनुसार चालणाऱ्या न्यायालयांच्या पायऱ्या चढता चढता कौल अखेर भाच्याच्या बाजूने पडला, आणि म्हाताऱ्या आत्यांना घर सोडण्याची पाळी आली. त्या उच्च न्यायालयात गेल्या. तेथे सरकारच्या वतीने महान्यायवादींनी जे सांगितले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे: नियम भेदभावाचा आहे हे आम्हांस मान्य आहे, परंतु समाज अद्याप समतेला तयार झालेला नाही. हा युक्तिवाद आगरकरांच्या काळापासून मराठी माणसाने इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचे नवल वाटू नये. फक्त एवढेच विचारावे की, समाज तयार नाही हे कळले कसे? आत्या समाजात नव्हत्या काय?

न्यायमूर्ती डिंगाके यांनी 2012 च्या ऑक्टोबरमध्ये ती वहिवाट घटनेच्या समतेविरुद्ध ठरवून रद्द केली. पण खरी खोच पुढच्या वर्षी आली. 2013 च्या सप्टेंबरमध्ये अपील न्यायालयाने निकाल कायम केला तो निराळ्या वाटेने. घटनेपर्यंत जाण्याची आवश्यकताच नव्हती, असे ते न्यायालय म्हणाले. रूढी स्थिर नसते, ती काळाबरोबर चालते, आणि नीट विचारून पाहता न्ग्वाकेत्से रूढीतही मुलीला डावलण्याचा असा अटळ नियम आढळत नाही. काहींना हा निकाल मिळमिळीत वाटला. घटनेचा स्पष्ट जयघोष व्हावयास हवा होता, असे त्यांचे म्हणणे. आमचे मत उलट आहे. घटनेच्या बळावर रूढी पाडली तर वकीलपत्र जुन्याच हातांत राहते आणि ते हात पुढल्या खटल्याची वाट पाहत बसतात. येथे न्यायालयाने ते वकीलपत्रच काढून घेतले. आजवर जे रूढीच्या नावाने बोलत होते त्यांना, तुम्ही तिला विचारले होते काय, असे विचारले गेले.

वहिवाटीने, किंवा वहिवाटीच्या नावाने, ते घर ज्याला देऊ केले होते तो भाचा त्या घरात कधीच राहिलेला नव्हता. घराची डागडुजी बहिणींनी स्वतःच्या पैशाने केली होती. आणि सहा वर्षांचा कज्जा संपून अखेरचा फैसला ऐकला तेव्हा एडिथबाई ऐंशीच्या घरात होत्या.